नवऱ्याच्या वागण्याबद्दल माहेरी आणि मैत्रिणींना सांगावं का? सांगायचं तर कसं?

प्रश्न विचारणाऱ्या ताईंनी बरंच सविस्तर लिहिलंय. त्यातलं मुख्य ते असं: वय 29, पुण्यात नोकरी, लग्नाला दोन वर्षं. आंतरजातीय प्रेमविवाह, सांगलीच्या आईवडिलांना वर्षभर मनवून केलेला. नवरा चारचौघांत खिल्ली उडवतो, भांडण झालं की चार-पाच दिवस अबोला धरतो, फोन उघडून पाहतो. दोघांचा पगार संयुक्त खात्यात जातो आणि हिशोब फक्त ताईंनाच द्यावा लागतो. मागच्या महिन्यात रागाच्या भरात त्याने जेवणाचं ताट भिंतीवर भिरकावलं. एरवी तो प्रेमळ आहे, आजारपणात रात्रभर जागतो. जवळच्या मैत्रिणीला एकदा सगळं सांगितलं, ती म्हणाली, “आत्ताच्या आत्ता सोड त्याला.” तीन दिवसांनी दोघांचा फिरायला गेल्याचा फोटो तिने पाहिला आणि तेव्हापासून ती तुटक वागते. आता त्या विचारतात: घरच्यांना सांगणं ही नवऱ्याशी गद्दारी होईल का, सांगायचं तर कोणाला, आणि रक्तदाबाचा त्रास असलेली आई हे ऐकून खचली तर?

ताई, तुमची खरी अडचण मला अशी दिसते की एकदा तोंडातून निघालं की गोष्ट तुमच्या हातात राहणार नाही, ही धास्ती. मैत्रिणीच्या बाबतीत तेच झालं. तुम्ही दुःख सांगायला गेलात, तिने निकाल दिला, आणि तो तुम्ही पाळला नाही म्हणून ती दुखावली. माहेरी सांगितलं तर बाबा गाडी काढून येतील, मामा बैठक बोलावतील, सासरी फोन जातील, असं तुम्हाला वाटतंय. आपल्याकडे हे होतंही. म्हणून पुढचं सगळं एका गोष्टीभोवती आहे: सांगायचंही, आणि निर्णयाचा लगाम आपल्याच हातात ठेवायचा.

पण त्याआधी एक तपासणी, कारण पुढचा सल्ला तिच्यावर अवलंबून आहे. तुम्हाला नवऱ्याचा राग येतो की भीती वाटते? किल्लीचा आवाज आला की पोटात गोळा येतो का? एखाद्या गोष्टीला “नाही” म्हटलं तर पुढे काय होईल याचा अंदाज बांधत बसावं लागतं का? चिडकी, तोंडाळ माणसं पुष्कळ असतात, पण त्यांच्या घरात बायकोही तितक्याच मोठ्या आवाजात उलट बोलू शकते. जिथे एकजण बोलतो आणि दुसरी शब्द मोजून वापरते, तिथलं भांडण वेगळ्या जातीचं असतं.

अबोल्याचंही तसंच. डोकं शांत व्हायला माणूस दोन तास, अगदी एक दिवस गप्प राहिला तर त्यात वावगं काही नाही. “आत्ता नको, उद्या बोलू” असं तो सांगतो आणि उद्या बोलतो. शिक्षेचा अबोला संपायची वेळ ठरलेली नसते. चूक कोणाचीही असो, माफी एकाच बाजूने मागितली की तो संपतो. तुमच्याकडे तो कसा संपतो, हे मागच्या तीन वेळा आठवून पाहा.

ताटाबद्दल मी थोडं जास्त बोलणार आहे. ताट फेकणारा प्रत्येकजण पुढे हात उचलतोच असं नाही. पण हात उचलणाऱ्या बऱ्याच घरांत आधी वस्तू फुटलेल्या असतात, हेही खरं. पाहायचं ते हे: ताट तुमच्या दिशेने आलं की दुसरीकडे? फुटतात त्या वस्तू नेहमी तुमच्याच असतात का? नंतर सांडलेलं कोणी पुसलं? आणि ऑफिसात साहेबांनी झापलं तर तो तिथे काही फेकतो का? तिथे राग गिळता येत असेल तर घरीही गिळता येतो. घरी तो गिळायची गरज त्याला वाटत नाही, इतकंच.

काही गोष्टी मात्र अशा आहेत की त्या घडल्या असतील तर हे उत्तर बाजूला ठेवा आणि आधी सुरक्षिततेचं बघा: गळा दाबणं, शस्त्र किंवा चाकू दाखवणं, जिवे मारायची धमकी, गरोदरपणात मारहाण, पाठलाग, “तू गेलीस तर मी जीव देईन” असं वारंवार म्हणणं. गळा दाबल्याच्या खुणा कातडीवर दिसतीलच असं नाही. आवाज बसला, गिळताना दुखलं, क्षणभर शुद्ध हरपली तर त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जायचं आणि डॉक्टरांना खरं कारण सांगायचं. तातडीला 112, आणि महिलांसाठी 181. तुमच्या लिहिण्यात यातलं काही नाही, म्हणून पुढचं लिहितो आहे. तुम्ही मुद्दाम वगळलं असेल तर तेही समजू शकतो.

आता गद्दारीचं. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे आपल्या अंगात इतकं मुरलेलं असतं की स्वतःला लागलेलं सांगतानाही चोरी केल्यासारखं वाटतं. मी लोकांना एक साधी रेघ आखून देतो. तुमच्याशी जे घडलं ते तुमचं आहे, ते तुम्ही हव्या त्या माणसाला सांगू शकता. त्याने विश्वासाने सांगितलेलं त्याचं आहे: त्याच्या लहानपणी घरात काय घडलं, त्याचं जुनं प्रेमप्रकरण, ऑफिसातल्या भानगडी, शरीराच्या खाजगी अडचणी. “त्याचे वडीलही असेच होते, त्याने रडत सांगितलं होतं मला,” असलं वाक्य बोलण्याच्या ओघात सहज निघून जातं, आणि उद्या तुम्ही दोघं एकत्र राहिलात तर तेच तुम्हाला टोचत राहतं. तुमच्या लग्नाच्या बाबतीत आणखी एक पथ्य: बोलणं जातीकडे वळू देऊ नका. “त्यांच्यात असंच असतं” हे माहेरचं एखादं माणूस हमखास म्हणणार. तिथेच थांबवायचं: “मी एका माणसाच्या वागण्याबद्दल बोलतेय.” नाहीतर तासाभरात विषय तुमच्या दुःखावरून घसरून दोन वर्षांपूर्वीच्या लग्नाच्या वादावर गेलेला असेल.

एवढं सगळं सांभाळून मुळात सांगायचंच कशाला, असंही मनात येईल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे 2019 ते 21 मध्ये, शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या देशभरातल्या स्त्रियांपैकी फक्त 14 टक्क्यांनी कोणाकडे मदत मागितल्याचं दिसलं. 77 टक्के स्त्रियांनी मदतही मागितली नव्हती आणि कोणाला सांगितलंही नव्हतं. मदत मागणाऱ्यांपैकी बहुतेकींनी माहेरच गाठलं होतं. पोलीस, वकील, डॉक्टर त्या मानाने फार मागे. माहेर किंवा मैत्रीण हाच आपल्याकडे पहिला दरवाजा आहे. तो नीट उघडला गेला तर पुढचे उघडतात. पहिल्याच ठिकाणी “संसारात असं चालायचंच” ऐकलं की बाई पुढची पाच वर्षं तोंड उघडत नाही.

दुसरं कारण जरा कोरडं आहे. एकट्याने सोसताना माणसाचं माप बिघडतं. पहिल्यांदा जे वागणं भयंकर वाटलं होतं ते चौथ्यांदा “नेहमीचंच” होतं. बाहेरच्या एका माणसाला घडलेलं जसंच्या तसं सांगताना आपल्याच कानावर ते नव्याने पडतं.

कोणाला सांगायचं हे ठरवताना नात्याची जवळीक हा निकष लावू नका. निकष असा, की ऐकल्यावर हे माणूस काय करेल? तीन प्रकारची मदत लागते आणि ती एकाच माणसात क्वचित सापडते. एक, जे नुसतं ऐकून घेईल. दोन, जे रात्री अकरा वाजता दार उघडेल. असं माणूस शक्यतो त्याच शहरात हवं, सांगली साडेचार-पाच तासांवर आहे. तीन, ज्याला बँक, कागदपत्रं, वकील यातलं कळतं. मैत्रीण पहिल्या प्रकारची असेल, ऑफिसातल्या एखाद्या वडीलधाऱ्या बाई दुसऱ्या, चुलतभाऊ तिसऱ्या. आई यापैकी कशातच बसत नसेल तरी ती आई आहे, तिचं वेगळं पुढे सांगतो.

सुरुवातीला टाळायची माणसं: तुमच्या दोघांचे समाईक मित्र, नवऱ्यावर फिदा असलेली नणंद किंवा भावोजी, आणि “बघतोच त्याला” म्हणणारा भाऊ. शंका असेल तर आधी लहानशी गोष्ट सांगून पाहा, “सध्या आमचं जरा बिनसलंय,” एवढीच. आठ-दहा दिवस थांबा. ती दुसरीकडून तुमच्या कानावर आली तर उत्तर मिळालं. आणि कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर काहीही नाही, सूचक स्टेटससुद्धा नाही. स्टेटस सगळ्यात आधी तोच पाहतो.

सांगण्याआधी अर्धा तास स्वतःशी बसून लिहून काढा. अलीकडचे पाच-सहा प्रसंग पुरेत. प्रत्येकाला चार ओळी: तारीख किंवा निदान सणवार, तो नेमकं काय म्हणाला वा केलं, तिथे कोण होतं, नंतर काय झालं. विशेषणं नकोत. “तो फार टॉक्सिक आहे”, “गॅसलाइटिंग करतो” हे मोबाइलवरचे शब्द माहेरी काढू नका. आईला ते कळत नाहीत, आणि ज्यांना कळतात ते त्या शब्दावरच वाद घालतात: हे खरंच तसं म्हणता येईल का, तूही कधी बोलतेसच ना. प्रसंगावर वाद घालता येत नाही. “गणपतीत पंधरा माणसांसमोर तो म्हणाला, हिला साधं वरण येत नाही, हिच्या आईने शिकवलं नाही. मी आत जाऊन रडले. तो पुढचे चार दिवस बोलला नाही, आणि शेवटी माफी मी मागितली.” एवढ्यात ऐकणाऱ्याला सगळं दिसतं.

हे लिहायचं कुठे, हा तुमच्या बाबतीत कळीचा प्रश्न आहे, कारण तो फोन पाहतो. फोनमध्ये नको. कागदावर लिहून ऑफिसच्या खणात ठेवा. कागदाचा फोटो काढायचा मोहही टाळा. फोटो एकाच खात्यावर साठत असतील तर घरच्या टीव्हीवरही तो आपसूक झळकू शकतो. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये जोडलेल्या उपकरणांची यादी असते, तिथे तुमच्या नकळत एखादा लॅपटॉप जोडलेला आहे का ते बघा. गूगल मॅप्समध्ये लोकेशन कोणाला दिसतंय तेही तपासा. मात्र काही सापडलं तर लगेच बंद करू नका. अचानक पासवर्ड बदलला किंवा लोकेशन बंद झालं की त्यावरूनच भांडण पेटतं. तोवर महत्त्वाचं बोलणं समोरासमोर किंवा ऑफिसच्या फोनवरून करायचं. मैत्रिणीला सांगून ठेवा: या विषयावर मेसेज पाठवायचा नाही, मी फोन करेन तेव्हाच. चांगल्या हेतूने पाठवलेलं “काय गं, परत त्रास दिला का त्याने?” हे वाक्य लॉक असलेल्या स्क्रीनवरही दिसतं. संयुक्त खात्यातून प्रवासाचं तिकीट किंवा वकिलाची फी गेली तर तीही दिसते, म्हणून थोडी रोकड बाजूला असू द्या.

इथवरचं एकदा पक्कं करू. आधी राग की भीती ते तपासायचं. घडलेलं प्रसंगवार लिहायचं. त्याचं खाजगी आणि जातपात बाजूला ठेवायचं. माणूस निवडताना त्याची प्रतिक्रिया काय असेल त्यावरून निवडायचं. आता प्रत्यक्ष बोलणं.

बोलण्याची वेळ सणासुदीची, लग्नकार्याची किंवा तो घरात असतानाची नको. फोनवर शेवटी “बरं आई, एक सांगायचं होतं” असंही नको. पाऊण तास निवांत मिळेल असं बघा. आईवडील दोघांना एकदम सांगण्यापेक्षा आधी एकालाच. आणि सगळ्यात महत्त्वाचं, प्रसंग सांगायच्या आधी अट सांगायची. लोक नेमकं उलटं करतात: आधी सगळं रडून सांगतात आणि शेवटी “पण कोणाला सांगू नकोस हं” म्हणतात. तोवर समोरचा पेटलेला असतो. सुरुवात अशी करून पाहा:

“मला तुझ्याशी बोलायचंय. मी अजून काही ठरवलेलं नाही आणि आज ठरवायचंही नाही. तू फक्त ऐक. मी हो म्हणेपर्यंत त्याला किंवा त्याच्या घरी फोन करायचा नाही. चालेल का?”

आणि “चालेल” हा शब्द तोंडातून येईपर्यंत थांबा. न आल्यास त्या दिवशी पुढे जाऊ नका. “बरं, मग नंतर बोलू” म्हणून विषय बदलता येतो, त्यात काही बिघडत नाही.

मग दोन किंवा तीन प्रसंग, सहा नव्हेत. जास्त सांगितले की ऐकणारा मोजदाद करायला लागतो आणि त्यातला सगळ्यात किरकोळ धरून बसतो. त्यानंतर तुमच्यावर काय परिणाम होतोय ते: झोप, भूक, कामात चुका, लोकांत जाणं कमी होणं. आणि शेवटी नेमकं मागणं. हे मागणं बहुतेकजण विसरतात. ऐकणाऱ्याला काय करायचं ते कळलं नाही की तो त्याच्या मनाचं काहीतरी करतो. मागणं छोटं आणि ठोस असावं: “दर रविवारी सकाळी फोन कर आणि मी ‘दुधाचं बिल भरायचंय’ असं म्हणाले तर समज की मला बोलता येत नाहीये,” किंवा “माझी कागदपत्रांची पिशवी तुझ्याकडे ठेव,” किंवा “गरज पडली तर दोन रात्री तुझ्याकडे येईन.”

त्या पिशवीत आधार, पॅन, पासपोर्ट, विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र, शिक्षणाची प्रमाणपत्रं, बँकेची पुस्तकं आणि दागिन्यांची यादी, पावत्या असल्यास त्याही. मूळ कागद घरातून हलवले की कपाट रिकामं दिसतं, म्हणून आधी झेरॉक्स ठेवा. मूळ कागद कसे काढायचे ते घरच्या परिस्थितीवर.

आता ऐकावं लागेल ते. पाच-सहा वाक्यं ठरलेली आहेत आणि त्यांची उत्तरं आधी तयार असली तर अडखळायला होत नाही.

“तूच पसंत केला होतास ना?” प्रेमविवाहात हे येणारच, आणि ते झोंबतं कारण आपण स्वतःशी रोज तेच म्हणत असतो. उत्तर लांबवू नका: “हो, मीच केला होता. म्हणूनच दोन वर्षं गप्प राहिले.” बहुतेक आईवडील इथे नरमतात. पुढे सफाई देत बसलात तर पुन्हा लग्नाचाच खटला सुरू होतो.

“संसारात भांड्याला भांडं लागतंच.” याला हुज्जत नको, पुन्हा एक प्रसंग. “आई, भांड्याला भांडं लागलेलं मी सांगत नाहीये. ताट भिंतीवर फेकलं त्याबद्दल बोलतेय.” ही पिढी पुष्कळदा स्वतः सोसलेलं असतं म्हणून असं बोलते. तुमचं चुकीचं आहे हे मान्य केलं तर तिला स्वतःचंही मान्य करावं लागतं. हे ओळखून घ्या, पण तिथे तिची समजूत काढत बसायची जबाबदारी त्या दिवशी तुमची नाही.

“एक मूल होऊ दे, सुधारेल.” या एका बाबतीत मी कधीच मवाळ सल्ला देत नाही. मूल झाल्यावर बाईची झोप, कमाई आणि बाहेर पडण्याची मोकळीक तिन्ही कमी होतात, म्हणजे ज्याला ताबा ठेवायचाय त्याला ते सोपंच जातं. ज्या घरात धाक आहे तिथे हा उपाय म्हणून कोणी सुचवला तर सरळ नाही म्हणा.

“मी बोलते जावईबापूंशी.” वरवर हे सगळ्यात शहाणपणाचं वाटतं आणि सगळ्यात जास्त घोळ यातूनच होतो. तुम्ही बाहेर सांगितलंत हे त्याला कळतं, पण तेव्हा तुम्ही त्याच्याच घरात असता. तुमच्या आईच्या फोनपुढे तो गोड बोलतो, “काहीतरी गैरसमज झालाय” म्हणतो, आणि फोन ठेवल्यावर तुमचं माहेरी बोलणं बंद करण्याच्या मागे लागतो. चार वडीलधाऱ्यांच्या बैठकीचंही हेच. तिथे बाईला नवऱ्यासमोर बोलावं लागतं, भीतीपोटी ती अर्धंच बोलते, आणि मग “एवढंच होतं का?” म्हणून तडजोड होते. दोघांनी मिळून समुपदेशकाकडे जाण्याबद्दलही माझं हेच मत: नुसती कुरबुर असेल तर जरूर जा, धाक असेल तर आधी एकटीने.

“आजच्या आज निघून ये.” हे प्रेमापोटी येतं आणि ते नाकारताना अपराधी वाटतं. “तू असं म्हणालीस हाच मला मोठा आधार आहे. दार उघडं आहे हे कळलं. कधी यायचं ते मला ठरवू दे.” घर सोडण्याचा काळ हा धाकाच्या नात्यात सगळ्यात जोखमीचा असतो, म्हणूनच ते घाईत, रागात करू नये, दिवस, वाहन, पैसे आणि कुठे जायचं हे ठरवून करावं.

“लोक काय म्हणतील?” याला उत्तर नाही दिलंत तरी चालेल.

आईच्या रक्तदाबाचं तुम्ही लिहिलंय, त्यावर. आया बऱ्याचदा अर्धं ओळखून असतात. फोनवरचा आवाज, सणाला न येणं, नवरा शेजारी असताना वेगळं बोलणं, हे त्यांनी टिपलेलं असतं. न कळता नुसता संशय घेऊन जगणंही रक्तदाबाला चांगलं नसतं. पण तब्येत खरंच नाजूक असेल तर आईला पहिलं माणूस करू नका, तिसरं करा. आधी मावशी किंवा बहीण, जी आईला ओळखते. मग आईला सांगताना तीही शेजारी असू द्या. समोरासमोर सांगा, दिवसा, गोळी वेळेवर घेतलेली असताना, आणि पहिलं वाक्य “मी ठीक आहे, सुरक्षित आहे” हे असू द्या. तिला एखादं काम द्या. रिकाम्या हाताने काळजी करणाऱ्या आईपेक्षा दागिन्यांच्या जुन्या पावत्या शोधणारी आई जास्त सावरलेली असते. आई रडेल. रडली म्हणजे खचली असं नाही.

कायद्याचं थोडक्यात, कारण माहेरची माणसं “मग काय पोलिसात जाणार का?” असं विचारून घाबरवतात. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम 2005 यात मारहाणीबरोबरच अपमान, टोमणे, धमक्या आणि पैशाची अडवणूक यांचाही विचार केलेला आहे. लग्नासारख्या नात्यात एकत्र राहणाऱ्या स्त्रीलाही तो लागू होतो. हा मुळात दिवाणी स्वरूपाचा मार्ग आहे: या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्यामार्फत किंवा थेट दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज, आणि त्यातून संरक्षणाचा, राहत्या घराचा, पैशाचा आदेश मागता येतो. त्यासाठी घटस्फोट मागावा लागत नाही, आणि घर नवऱ्याच्या नावावर असलं तरी कायद्याच्या मार्गाशिवाय तुम्हाला बाहेर काढता येत नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. पुण्यात पोलीस आयुक्तालयाचा भरोसा सेल, म्हणजे अशा तक्रारींत मदत करणारा कक्ष आहे. महाराष्ट्रात बऱ्याच ठिकाणी पोलिसांच्या जागेत महिला व मुलांसाठीचे विशेष कक्ष चालतात. त्यातला पहिला 1984 मध्ये मुंबईत टाटा समाज विज्ञान संस्थेने सुरू केला. तिथे सामाजिक कार्यकर्त्या बसतात आणि फक्त चौकशीसाठीही जाता येतं. माहेरच्यांशी याचा संबंध असा, की पुढेमागे गरज पडलीच तर तुम्ही त्या त्या वेळी कोणाला काय सांगितलं होतं ही साक्ष कामी येते. कागदावरच्या तारखाही तेव्हा उपयोगी पडतात.

(एखादा पुरुष हे वाचत असेल तर: 2005 चा कायदा पुरुषाला तक्रारदार म्हणून लागू होत नाही, पण सांगण्याची पद्धत, माणूस निवडणं, आधी अट घालणं, हे तुमच्यासाठीही जसंच्या तसं चालतं. पुरुषांना “बायकोला घाबरतोस?” हे वाक्य जास्तीचं ऐकावं लागतं.)

सांगून झाल्यावर काय होतं त्याचीही तयारी हवी. त्याच रात्री बहुतेकींना पश्चात्ताप होतो. तो घरी मोगऱ्याचा गजरा घेऊन येतो आणि वाटतं, मी उगाच बभ्रा केला. ही लाट दोन-तीन दिवसांत ओसरते. तेवढ्यात मैत्रिणीला किंवा आईला फोन करून “मी वाढवून सांगितलं होतं” असं म्हणू नका. तो चांगला वागला तर तेही सांगा, पण आधीचं पुसू नका. “काल चांगला गेला दिवस. ताटाचं जे सांगितलं तेही खरंच आहे.” दोन्ही खरं असू शकतं, आणि ऐकणाऱ्यालाही ते दोन्ही ऐकायची सवय तुम्हालाच लावावी लागते. फक्त वाईट तेवढं ऐकलं की लोक वर्षानुवर्षं त्याच्याकडे त्याच नजरेने पाहतात, आणि फक्त चांगलं ऐकलं की पुढच्या खेपेला विश्वास ठेवत नाहीत.

दुसरा धोका उलट्या बाजूचा. रोज संध्याकाळी त्याच माणसाला तेच सांगायची सवय लागते. बोलून मन हलकं होतं आणि हलकं झालं म्हणून तेच वागणं आणखी एक दिवस चालवून घेतलं जातं. ऐकणारं माणूसही महिना-दोन महिन्यांत थकतं. आठवड्यातून एकदा, ठरवून, अर्धा तास, आणि त्यात शेवटची पाच मिनिटं “पुढच्या आठवड्यात मी काय करणार” यावर, एवढी शिस्त पुरते. काय करणार याचा अर्थ घर सोडणं असाच नाही. स्वतःच्या नावावर वेगळं खातं उघडणं, एकटीने समुपदेशकाकडे जाऊन येणं, “चारचौघांत माझ्यावर विनोद केलास तर मी तिथून उठून जाईन” असं त्याला एकदा स्पष्ट सांगणं आणि खरंच उठून जाणं, हेही त्यातच आलं. हे शेवटचं मात्र भीती नसेल तरच.

आणि ती रुसलेली मैत्रीण. ती तुमच्यावर रागावली असं तुम्हाला वाटतं. मला वाटतं ती घाबरली आणि मग तिला फसल्यासारखं झालं. तिला गमावू नका, पुण्यात रात्री अकरा वाजता दार उघडणारी सध्या तीच आहे. मेसेज नको, ऑफिसच्या फोनवरून फोन करा आणि फोटोची सफाई न देता एवढंच म्हणा: “तू जे म्हणालीस ते काळजीने म्हणालीस, मला कळलं. मी अजून त्याच घरात आहे आणि कदाचित राहीनही. मला तुझा सल्ला पाळता आला नाही, पण तू हवी आहेस. चहाला भेटशील का? या वेळी मी आधी सांगेन की मला तुझ्याकडून काय हवंय.”